किल्ली पांडवांच्या ताब्यात

१

पेटी उघडली तेव्हा आत दगड होता.

दगडाबद्दल आमची तक्रार नाही. दगड कुठंही असू शकतो, कधीकधी खुर्चीतही असतो. पण ही पेटी सैन्याच्या एका पोलादी पिनेची होती, आणि ती उघडणारे निरीक्षक बापटसाहेब त्या पिनेसाठी पुण्याहून आले होते. त्यांनी तेलकागदाची एकेक घडी अशी उलगडली, जशी बारशाला बाळाची दुपटी उलगडतात. शेवटची घडी निघाली आणि लांबट काळा दगड त्यांच्याकडे बघत राहिला.

"हे काय आहे?" बापटसाहेबांनी विचारलं.

"दगड हाय," शेषेराव म्हणाला. तो पाहुणा होता, बोलायचं त्याला काही कारण नव्हतं. पण सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची त्याला जुनी खोड आहे.

आधी पिनेबद्दल सांगतो. पाठीवर घडीचा पूल घेऊन फिरणारा एक रणगाडा असतो. वाटेत नाला आडवा आला की तो पाठीवरची घडी कात्रीसारखी उघडून पूल पलीकडे टेकवतो आणि मागची फौज त्यावरून जाते. पुलाचे दोन अर्धे मधोमध पिनांनी जोडलेले असतात. पिन म्हणजे टाचणी नव्हे. हातभर लांब, मनगटापेक्षा जाड, वजन आठ किलो. पिना झिजतात, मग नव्या लागतात. त्या नव्या पिना औशाजवळ करडईच्या रानाला लागून असलेल्या एका शेडमध्ये तयार होतात, ही गोष्ट शत्रूला ठाऊक नव्हती. औसेकरांनाही नव्हती.

शेड शिवशंकरअप्पांची. 'कल्लेश्वर मशीन वर्क्स'. अप्पांनी स्वतःच्याच रानात ती उभी केली आणि शेड अन् उरलेलं अर्धा एकर रान, दोन्हीभोवती मिळून डोक्याच्या वर जाईल अशी भिंत घातली. चोवीस नव्या पिना रॅकवर पुढं-मागं रांगांत उभ्या होत्या. त्या ज्या पिनेशी ताडून बघायच्या ती मंजूर झालेली नमुना पिन या पेटीत असायला हवी होती.

आमचा या सगळ्याशी संबंध भज्जीपुरता. आदल्या दिवशी येळवस होती. वेळ अमावस्येला लातूर जिल्ह्यात माणूस घरात सापडत नाही, सगळे रानात. शेषेरावची भाची तनुजा या कारखान्यात स्टोअर आणि तपासणी सांभाळते. तिनं मामाला जेवायला बोलावलं आणि मामानं मला. आम्ही नांदेडहून आलो, जेवलो, मुक्काम केला आणि सकाळी उरलेल्या भज्जीचा डबा घेऊन निरोप घ्यायला शेडमध्ये आलो. पालेभाज्या आणि ओले दाणे बेसनात शिजवून केलेली येळवसेची भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. अकराची नांदेड गाडी पकडायची होती.

पेटी उघडली तेव्हा सगळे पेटीकडे बघत होते. म्हणजे अप्पा, त्यांचा मेहुणा हरिओम, तनुजा आणि आम्ही दोघं. फक्त म्हातारे लेथ मिस्त्री गुरुपादप्पा रॅकवरच्या पिनांकडे बघत होते. बाकीचे कामगार येळवसेला गावी गेलेले, ते उद्या येणार होते.

बापटसाहेबांनी गेटला आतून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. सगळ्यांचे मोबाईल गोळा करून एका बादलीत ठेवले.

"नमुना मिळेपर्यंत कोणीही बाहेर जाणार नाही."

"आमची गाडी हाय अकराला," शेषेराव म्हणाला.

"पाच वाजता मी अहवाल लिहीन. त्यात एक नाव लागेल." साहेबांनी तनुजाकडे पाहिलं. "आत्ता माझ्याकडे एकच नाव आहे."

२

कपाट एक, किल्ली एक आणि किल्लीच्या रजिस्टरवर सही एकच, तनुजाची.

पोरगी सव्वीस वर्षांची. तिच्या घराण्यात केसाएवढा फरक मोजणारं यंत्र हातात धरलेली ती पहिलीच. साहेबांनी काय होईल ते शांतपणे सांगितलं. पोलिसात तक्रार होईल, आणि सैन्याचं काम करणाऱ्या कुठल्याही कारखान्यात तिला पुन्हा पाय ठेवता येणार नाही.

"किल्ली काल दिवसभर कुठे होती?"

"पांडवांपुढं," तनुजा म्हणाली.

साहेबांचं पेन थांबलं. "कोण पांडव?"

मग त्यांना येळवस समजावून सांगावी लागली. रानात कडब्याची कोप करतात. आत पाच दगड मांडतात, त्यांना चुना लावतात, हळदीकुंकू वाहतात. ते पाच पांडव. आंबील शिंपडतात आणि मग जेवतात. अप्पांच्या कारखान्यात यात एका गोष्टीची भर होती. शेड उभी राहिली त्या वर्षापासून येळवसेला सगळ्या किल्ल्या पांडवांपुढं ठेवायच्या. त्या दिवशी मालक कोणी नाही, नोकर कोणी नाही, राखण पांडवांची.

"म्हणजे किल्ली तुमच्या ताब्यात नव्हती?"

"नव्हती सर. दहा ते चार पांडवांच्या ताब्यात होती."

साहेबांनी ते लिहिलं आणि वर पाहिलं. "कर्मचारी क्रमांक?"

कोणी हसलं नाही. साहेबही हसत नव्हते. त्यांच्या छापील फॉर्मवर तो रकाना होता आणि भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं.

"सर, पेटी सकाळी मीच कपाटातून काढली," तनुजा म्हणाली. "उचलली तेव्हा वजन बरोबर वाटलं. दगड असंल असं मनात पण आलं नाही."

"मनात काय आलं याला रकाना नाही."

रस्त्यावरून अकराची नांदेड गाडी हॉर्न देत गेली. शेषेरावनं टोपी काढून मांडीवर ठेवली. तो नांदेडला रेल्वेच्या भांडारात तीस वर्षं होता. रेल्वेचा माल कुठं जातो हे शोधायचं त्याचं काम होतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणं माल कधी हरवत नाही, तो फक्त दुसऱ्या नावानं राहायला जातो.

"साहेब," तो म्हणाला, "पाचपर्यंत आम्ही बी आतच, तुम्ही बी आतच. तवर मी चार माणसांशी बोलून बघू का?"

"तुम्ही कोण?"

"मामा."

या उत्तराला पुण्यात काय म्हणतात ठाऊक नाही. इकडं त्याला ओळखपत्र म्हणतात.

३

अप्पा रिकाम्या ड्रमवर बसले होते. पांढरीधोप बंडी, कपाळावर भस्म आणि चेहऱ्याचा रंगही त्याच जातीचा.

"काल जेवणं झाली कधी?" शेषेरावनं विचारलं.

"दोनला."

"मंग?"

"मंग काय, पावणे? येळवसेचं जेवण जेवून माणूस काय करतो? झोपलो की."

"किती वेळ?"

"चारला उठलो. किल्ल्या जागच्या जागी होत्या. मी सोताच्या हातानं वाटल्या." अप्पांनी भिंतीकडं पाहिलं. "पावणे, ही ऑर्डर गेली तर शेडला कुलूप. मी माझी पिन कामून चोरीन?"

शेषेरावनं मान हलवली. "मिस्त्री तुमच्याशी कधी काई बोलले का? कामाबद्दल?"

अप्पा जरा गडबडले. "मिस्त्री रोजच बोलतात. म्हातारं माणूस हाय. म्हनलं, तपासणी होऊ द्या, मंग बघू."

"काय बघू?"

"तेच. काय असंल ते."

हरिओम बोलायला उत्सुक होता. सैन्याच्या कचेरीतली पळापळ, पोलादाची खरेदी, साहेबांची गाडी, सगळं तोच बघायचा. शर्टाला इस्त्री अशी की घडीवर बोट कापावं.

"मामा, मी सांगतो. नमुन्याचं एवढं काय? फोटो हाय, मापं हायत. साहेबांनी पुढच्या रांगेतल्या दोन पिना तपासायच्या, सही करायची, विषय संपला. दरवेळी दोनच तपासत्यात."

"पुढच्याच रांगेतल्या?"

"हाताशी येतात ना. अन् तनुजाला काई होनार न्हाई, मी हाय." मग खालच्या आवाजात, "पन किल्ली तिचीच व्हती, हे बी खरं हाय."

"काल दुपारी तू कुठं होतास?"

"झोपलो होतो."

गुरुपादप्पा लेथजवळ उभे होते. निलंग्याकडचे, साठी उलटलेले. बोटांची कातडी पोलादानं काळी पडलेली आणि बोलताना मधूनच कानडी ओघळणारी.

"मिस्त्री, काल जेवणानंतर?"

"झोपलो की. सगळेच झोपले."

"कोणी उठलं होतं का मधी?"

"कोन उठतंय? हरिओमभाऊ घोरून राहिले होते. अप्पा भिंतीकडं तोंड करून. पोरगी कडब्याला टेकून. तुम्ही तोंडावर टोपी घेतली होती, अन् हे तुमचे दोस्त," माझ्याकडं बोट, "झोपेत कुनाशी तरी भांडत होते."

"कोणाशी?" मी विचारलं.

"बायकोशी असंल. हरत होते."

शेषेराव हसला. मीही हसलो, कारण ते खरं असण्याची शक्यता होती. मग शेषेराव रॅककडं वळून म्हणाला, "लई देखण्या झाल्यात पिना."

गुरुपादप्पांनी मान खाली घातली. चोवीस पिना घडवणाऱ्या माणसाला कोणी देखण्या म्हटलं, तर तो निदान "हाव" म्हणतो.

४

बारा वाजले. शेड तीनदा शोधून झाली होती. बापटसाहेबांनी पाण्याची टाकी उपसली, ड्रम उलटे केले, आमचा भज्जीचा डबासुद्धा चमच्यानं ढवळून पाहिला. रानातही फिरले. कोपीपाशी त्यांनी बूट काढले, आत डोकावून हात जोडले आणि परत आले.

गेट बंद, भिंत उंच. बाहेर गाड्या येत होत्या, जात होत्या आणि आत आम्ही सात माणसं एकमेकांच्या नजरा चुकवत बसलो होतो. बंद जागेत आधी बोलणं संपतं, मग हसणं. तनुजा कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसली होती. मामानं पुढं केलेली भाकरी तिनं घेतली नाही.

"मामा," ती एकदाच म्हणाली, "मी पळून जायचं म्हणलं तरी जागा न्हाई."

शेषेराव टेबलावरच्या दगडापाशी गेला. दोन्ही हातांनी उचलला, नाकाशी नेला, खिशातून चष्मा काढून पाहिला. मग मला बोलावलं.

"ह्या भोकांत काय दिसून राहिलं?"

दगड धुतलेला होता. पण काळ्या दगडाच्या बारीक छिद्रांत पांढरं अडकलं होतं. चुना. आणि एका छिद्रात, मोहरीएवढं, लाल.

"कुंकू," मी म्हणालो. आणि मग मला जे सुचलं ते मी जरा मोठ्यानंच बोललो, "अरे, हा तर पांडव आहे!"

"हळू बोल. वजन जमावं म्हणून कोणीतरी कोपीतला एक पांडव उचलून पेटीत घातला. हातात आठ किलोचा अंदाज असलेला माणूस."

"म्हणजे कोपीत आता चारच असणार."

आम्ही रानात गेलो. करडई पोटरीएवढी होती, तिचे काटे धोतराला धरून ठेवत होते. शेषेराव कोपीत वाकला, मीही वाकलो.

पांडव पाच होते.

मी पुन्हा मोजले. पाचच. चुना लावलेले, एका ओळीत. डावीकडचा जरा बारीक होता. तो मला सकाळी फिरायला आलो तेव्हाही दिसला होता, पण म्हटलं नकुल किंवा सहदेव असेल, धाकटी भावंडं.

"पाचातला एक गेला," शेषेराव म्हणाला, "अन् पाचच राहिले. रेल्वेत असं झालं की आम्ही मोजत नव्हतो, बघत होतो."

तो मांडी घालून बसला आणि बघत राहिला. काल आंबील शिंपडली होती. ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील, तिचे वाळके ओघळ दगडांवर होते, आणि ओघळांवर मुंग्यांची रांग. पहिल्या पांडवावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, मग चौथ्यावर. तिथून रांग वळून परत जात होती.

डावीकडच्या बारीक पांडवावर एकही मुंगी नव्हती. ओघळही नव्हता. त्याचा चुना पापुद्र्यांनी सुटत चालला होता, जसा तेलकट भिंतीवरचा रंग सुटतो.

"मुंग्यांना चारच मान्य हायत," शेषेराव म्हणाला आणि त्यानं नखानं एक पापुद्रा उचलला.

खालून पोलाद चमकलं.

५

"चल, साहेबांना सांगू," मी उठलो.

"बस खाली." त्यानं पिन मातीतून हळूच वर ओढली. तिच्या खालच्या टोकाला आटे होते. ते दिसेनात, कारण त्यांच्यावर घट्ट चिंधी गुंडाळलेली होती. पेटीतल्या पिनेखालच्या गादीचीच चिंधी. त्यानं चिंधीची कड जरा सरकवली. खाली ग्रीसचा जाड थर. चुन्याचा एक कणही आट्यांना लागलेला नव्हता.

शेषेराव बराच वेळ ते बघत राहिला. मग पिन होती तशी मातीत रोवून म्हणाला, "मिस्त्रींना बोलाव. एकट्याला."

गुरुपादप्पा आले. कोपीत वाकले, उकिडवे बसले, डावीकडच्या पांडवाकडं बघितलं आणि मग कुठंच बघितलं नाही.

"मिस्त्री," शेषेराव म्हणाला, "काल सगळे झोपले होते म्हणता. मंग कोण घोरलं, कोणाचं तोंड कुठं, कोण भांडत होतं, हे झोपेत दिसलं? जागा माणूस एकच होता. सकाळी पेटी उघडली तर सगळे पेटीकडं, तुमचा डोळा रॅककडं. पेटीत काय हाय ते तुम्हाला ठाऊकच होतं. अन् तिसरं. चोर चोरलेल्या मालाला चिंधी बांधत न्हाई. आट्याला चुना लागू नये म्हणून ज्याचा जीव तुटतो त्यानंच ते आटे कापलेले असतात."

गुरुपादप्पांनी नकार दिला नाही. "नमुना माज्या हातचा हाय," एवढंच म्हणाले. "खराब कशी करू?"

"मंग लपवला कामून?"

मिस्त्रींनी कोपीच्या तोंडातून शेडकडं पाहिलं.

"पोलाद लेथवर चढलं की छिलका निघतो. मंजूर पोलादाचा छिलका निळा, लांब, जिलेबीवानी. चाळीस वर्सं बघून राहिलो. दोन महिन्यांमागं ह्या खेपेच्या सात पिनांचा छिलका आखूड निघाला. भुरका. तुटका. मी म्हनलं, हे पोलाद येगळं हाय. हरिओमभाऊ म्हनले, कागद बरोबर हाय, तू पिन काप. अप्पाला सांगितलं. अप्पा म्हनले, तपासणी होऊ द्या. मला लिवता येत न्हाई. आनी लिवलं असतं तर वाचलं कुनी असतं?"

"त्या सात मागच्या रांगेत हायत," शेषेराव म्हणाला.

"हाव. साहेब दोनच बघत्यात. पुढच्या." त्यांनी हात गुडघ्यावर पुसले. "तीन वर्सांमागं आमाला त्यो रणगाडा दाखवायला नेलतं. त्यानं नाल्यावर पूल उघडला. साहेब लोक म्हनले, मिस्त्री, चला पलीकडं. मी चालत गेलो. मधी आलो तवा पायाखाली माझी पिन. वरून एवढाली गाडी जानार, आत पोरं बसनार." त्यांनी पिनेभोवतीची माती दाबली. "नमुना हरवला तर काय होतं ते पोरगीनंच मला एकदा वाचून दाखवलं होतं. नेम हाय तसा. नमुना नसंल तर दोन न्हाई, सगळ्या पिना तपासायच्या."

आता मला कळलं. नमुना आधीच नाहीसा झाला असता, तर हरिओमनं फोन करून तपासणी पुढं ढकलली असती. तो साहेबांच्या डोळ्यांदेखतच नाहीसा व्हायला हवा होता. म्हणून आठ किलोचा पांडव.

"अन् तनुजा?" शेषेरावचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. "पोरीचं नाव जाईल हे न्हाई सुचलं?"

"किल्ली पांडवांपुढं होती!" म्हातारा कळवळून बोलला. "सगळ्यांसमोर ठेवली, सगळ्यांची झाली. एकाचं नाव कसं येईल? सकाळी साहेबांनी तिच्याकडं बघितलं तवा मला उमजलं, कागदाला पांडव चालत न्हाईत." ते उठू लागले. "चला. म्या सांगतो. म्या केलं."

शेषेरावनं त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"आत्ता सांगितलं तर पिन मिळाली. पिन मिळाली की नेम संपला. दोन तपासतील, सह्या होतील. पोरगी सुटंल, तुम्ही पोलिसात जाल अन् सात पिना पुलात."

"न सांगितलं तर?"

"पाचला तनुजाचं नाव."

कोपीत आम्ही तिघं बसलो होतो आणि पाच पांडव. बाहेर भिंत. मिस्त्री ज्या सापळ्यात दोन महिने एकटे होते, त्यात आता आम्हीही येऊन बसलो.

दीड वाजून गेला होता.

६

शेषेराव शेडमध्ये परतला तो थेट टेबलापाशी.

"साहेब, नमुना पाचपर्यंत तुमच्या हातात देतो. तनुजाचं नाव लिहू नका तवर."

बापटसाहेब उभे राहिले. "म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

"अंदाज हाय. पन त्याआधी एक विचारू? आत्ता ह्या घडीला नमुना तुमच्याकडं हाय का?"

"नाही."

"नमुना नसला तर नेम काय म्हणतो?"

साहेबांनी नियमावली काढली. त्यांना ती पाठ होती, पण पाठ असलेलं वाचून दाखवण्यात त्यांना समाधान होतं. "नमुना उपलब्ध नसल्यास लॉटमधील प्रत्येक नगाची स्वतंत्र तपासणी करावी."

"मंग करा की. नाहीतर पाचपर्यंत काय करणार? भज्जी पुन्हा ढवळणार?"

हरिओम पुढं आला. "साहेब, त्याची काय गरज न्हाई. मामा म्हणतात ना नमुना देतो. आधी नमुना घ्या, मंग नेहमीसारखं—"

"नमुना आत्ता उपलब्ध आहे का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई, पन—"

"मग नियम लागू आहे."

बापटसाहेबांबद्दल माझं मत त्या क्षणी बदललं. सकाळपासून ज्या फॉर्मनं तनुजाला कोंडलं होतं, त्याच फॉर्मनं आता हरिओमला कोंडलं. साहेबांना दोघांबद्दल सारखीच माया होती, म्हणजे कोणतीच नव्हती.

पोलाद किती कठीण आहे ते मोजायचं यंत्र त्यांच्या पेटीत होतं. पिनेवर टेकवायचं, आकडा वाचायचा. तनुजा उठली, पदर खोचला आणि एकेक पिन आणून देऊ लागली. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. सतरा पिना बरोबर निघाल्या. गुरुपादप्पा लेथला धरून उभे होते.

अठरावी मागच्या रांगेतली. साहेबांनी आकडा वाचला, यंत्र पुसलं, पुन्हा टेकवलं.

"मऊ आहे," ते म्हणाले.

एकोणिसावी मऊ. विसावी मऊ. शेवटपर्यंत सातच्या सात.

हरिओम तडक गेटकडं गेला. गेटला कुलूप होतं. तो तिथंच पाठ करून उभा राहिला.

"कुठून आणलं पोलाद?" अप्पांनी विचारलं. आवाज असा की मला वाटलं दुसरंच कोणी बोललं.

"माल यायला उशीर होत होता, दाजी," हरिओम गेटलाच म्हणाला. "सात पिनांपुरती सळई हैदराबादच्या बाजारातून घेतली. दिसायला सेम होती."

अप्पांनी मिस्त्रींकडं पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. त्यांना सांगितलं गेलं होतं. त्यांनीच म्हटलं होतं, मग बघू.

साडेचार वाजता शेषेराव सगळ्यांना कोपीकडं घेऊन गेला. मुंग्या दाखवल्या. साहेब गुडघ्यावर बसून मुंग्या बघत होते, हे दृश्य त्यांच्या कचेरीत कोणाला सांगून खरं वाटणार नाही. मग शेषेरावनं पिन उपसली, चिंधी सोडली. आटे लख्ख होते.

"कोणी ठेवली?" साहेबांनी विचारलं.

शेषेराव पिनेवरचा चुना पुसू लागला. त्याचं काम माल शोधायचं होतं.

"म्या ठेवली," गुरुपादप्पा म्हणाले. "किल्ली म्या उचलली, पिन म्या काढली, देव म्या हलवला. पोरीचा काय संबंध न्हाई. माझं नाव लिवा. गुरुपादप्पा चन्नबसप्पा."

तनुजा त्यांच्याकडं बघतच राहिली. "मिस्त्रीकाका, मला सांगायचं ना."

"तुला सांगितलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं, बाळ. तुला येत न्हाई."

बापटसाहेबांनी पॅड मांडीवर घेतलं. पेनाचं टोपण काढलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. त्यांनी मिस्त्रींच्या हातांकडं पाहिलं, पिनेच्या आट्यांकडं पाहिलं, मग तनुजाकडं वळले.

"सकाळचा जबाब पुन्हा सांगा. काल दहा ते चार किल्ली कोणाच्या ताब्यात होती?"

"पांडवांच्या, सर."

"आणि नमुना कुठे मिळाला?"

"पांडवांत."

"म्हणजे ज्यांच्या ताब्यात किल्ली होती, त्यांच्याच ताब्यात नमुना मिळाला." त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेले. "नमुना ताबाधारकांकडे सुस्थितीत आढळला. आट्यांचे संरक्षण उत्तम. सात नग नाकारले. खरेदीची चौकशी व्हावी. कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रार नाही."

"अन् कर्मचारी क्रमांक?" शेषेरावनं विचारलं.

"एक ते पाच," साहेब म्हणाले आणि सही केली.

ते हसले नाहीत. पण गेटचं कुलूप काढण्याआधी त्यांनी भज्जीच्या डब्याची चौकशी केली. सकाळी ढवळताना वास चांगला आला होता, म्हणाले.

अप्पा गुरुपादप्पांपाशी गेले. "मिस्त्री, उद्यापासनं सळई तुम्ही बघितल्याबिगर लेथवर चढायची न्हाई."

"छिलका बघून सांगतो," गुरुपादप्पा म्हणाले. "कागद तुम्ही बघा."

शेवटची नांदेड गाडी सव्वासहाला होती. गेट उघडं होतं, तरी कोणी लगेच बाहेर पडलं नाही. गुरुपादप्पांनी टेबलावरचा दगड उचलला आणि पोटाशी धरून रानात नेला. डावीकडच्या खळग्यात बसवला, चुना लावला. तनुजानं हळदीकुंकू वाहिलं आणि मडक्याच्या तळाशी उरलेली आंबील त्याच्यावर शिंपडली.

आम्ही वाट बघत उभे राहिलो. साहेबसुद्धा, हातात भाकरी घेऊन.

चौथ्या पांडवावरून एक मुंगी खाली उतरली, जरा घुटमळली आणि पाचव्यावर चढली.

"चल," शेषेराव म्हणाला, "आता गाडी पकडू."